ग्रॅनाडात दीड दिवस

मंडळी, या महिन्यात नवीन ॲप नाही की गॅजेट नाही. पंधरा दिवस आमच्या जेवणाच्या टेबलावर जो वाद चालला होता, त्याबद्दल सांगतो.

ऑक्टोबरात ऑफिसच्या कामासाठी मी माद्रिदला जाणार आहे. काम संपल्यावर दोन दिवसांची सुट्टी. आई-बाबाही सोबत येणार, त्यांची ही पहिलीच परदेशवारी. माद्रिदहून ट्रेनने साडेतीन तासांवर ग्रॅनाडा आहे. स्पेनमधलं शेवटचं मुस्लिम राज्य १४९२ साली संपलं, त्याची ही राजधानी. सुलतानांचा टेकडीवरचा किल्ला आणि महाल म्हणजे अलहंब्रा.

सवयीप्रमाणे मी एक्सेल उघडलं. दीड दिवस, चौदा ठिकाणं, प्रत्येकासमोर मिनिटं. शीट बघून बाबा म्हणाले, "तुम्ही फिरून या. मी हॉटेलात पेपर वाचत बसेन."

"बाबा, तिथला पेपर स्पॅनिशमध्ये असतो."

"मग चित्रं बघेन."

सगळे हसलो. पण रात्री मला झोप लागेना. दांडिया बाजारातल्या आमच्या घराचा जिना बाबा हल्ली कठडा धरून, दर दोन पायऱ्यांवर थांबत चढतात. मी रोज बघतो. तरी सगळा प्लॅन मी माझ्या गुडघ्यांच्या हिशोबाने केला होता.

दुसऱ्या दिवशी शीट कोरी केली आणि तिघं एकत्र बसलो.

पहिलं ठरलं ते तिकीट. अलहंब्रातल्या नासरी महालांत शिरायची वेळ तिकिटावर दिलेली असते. ती चुकली तर महाल बाहेरूनच बघायचे. तिकीट पासपोर्ट नंबर देऊन नावावर काढावं लागतं आणि गर्दीच्या दिवसांत आधीच संपून जातं. म्हणून आधी अलहंब्राचं तिकीट, मग ट्रेन, मग हॉटेल. मी नेमकं उलटं करायला निघालो होतो.

दुसरं, टेकडी पायी चढायची नाही. शहरातून वर जाणाऱ्या छोट्या बस आहेत. किल्ल्याच्या बुरुजावर आई आणि मी जाऊ, तोवर बाबा पाचव्या चार्ल्सच्या महालात थांबतील. बाहेरून चौकोनी असलेल्या या महालाचा आतला चौक चक्क गोल आहे.

तिसरं, आईचं शाकाहारी जेवण. तिकडे 'मांस नको' म्हटलं तरी हॅमचे तुकडे वरून पडू शकतात, त्यामुळे 'हॅमही नको' हे वेगळं सांगायचं. मध घातलेली तळलेली वांगी मिळतात. आईचा त्यावर विश्वास नाही, ती थेपले घेणारच आहे.

एवढं होऊनही बाबा गप्पच होते. त्यांची नोकरी पाणीपुरवठा खात्यात गेली. मी सहज म्हटलं, "बाबा, टेकडीवर इतकी कारंजी आहेत आणि तेव्हा पंप नव्हते. पाणी वर नेलं कसं असेल?"

"वर नेलंच नसणार," ते लगेच म्हणाले. "अजून वरून आणलं असेल."

अगदी बरोबर. तेराव्या शतकात दारो नदीचं पाणी सुमारे ६ किलोमीटर वरच्या अंगाला अडवून, कालव्याने उताराउताराने अलहंब्रात आणलं गेलं. बाबांनी चष्मा लावला. "उतार किती ठेवला असेल रे?" सकाळी बघतो तर कॅलेंडरच्या मागे आकृती काढलेली.

मग मी त्यांना हेनेरालिफे बागेतल्या जिन्याचा फोटो दाखवला. दोन्ही बाजूंच्या कठड्यांवर पन्हळ आहे आणि त्यातून पाणी वाहतं. बाबा बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "हा जिना मी चढणार. वेळ लागेल."

"लागू दे की."

चौदा ठिकाणांमधून आता तीन उरली आहेत: अलहंब्रा, हेनेरालिफे आणि समोरच्या आल्बायसिन टेकडीवरचा सान निकोलासचा कट्टा. तिथून संध्याकाळी अख्खा अलहंब्रा दिसतो. जिन्यासमोरच्या मिनिटांच्या रकान्यात मी काहीच लिहिलेलं नाही. राजा-राणीच्या समाध्या, साक्रोमोंतेच्या गुहा सगळं राहणार. राहू दे.

तुम्हीही या दिवाळीत आई-वडिलांना घेऊन कुठे निघणार असाल, तर शीट उघडण्याआधी एकदा त्यांच्यासोबत घरचा जिना चढून बघा.

कालव्याचा उतार किती निघाला, ते परत आल्यावर बाबांनाच विचारून सांगतो.