नळाचे उलटे पाणी

नीरा डाव्या कालव्याने बारामती-इंदापूरचा कोरडा मुलूख भिजविला. घरच्या नळाचे पाणी शुद्ध राखणे मात्र आपल्याच हाती आहे. पाणी बंद होताच नळात पोकळी निर्माण होते आणि हौदात बुडालेली रबरी नळी तेथील घाण उलट ओढून घेते. नळास थेट जोडलेली मोटार हा शोष वाढविते. याच जिल्ह्यात, पुण्याच्या सिंहगड रस्त्यावर, २०२५ च्या आरंभी दूषित पाण्याशी संबंध जोडल्या गेलेल्या गुइलेन-बॅरे विकाराने माजविलेला हाहाकार विसरता येईल काय? नळाचे तोंड हौदाच्या काठाहून उंच ठेवण्यास फारसा खर्च येत नाही. नगरपरिषदांनी घरोघर तपासणी करावी आणि नागरिकांनी तिचे स्वागत करावे. आपल्या हौदातील घाण शेजाऱ्याच्या पेल्यात जाऊ न देणे, हाच आम्ही खरा नागरिकधर्म मानतो.