विश्लेषण : ‘एआय मायक्रोस्कोप’ घेताना मेगापिक्सेल नव्हे, फोकस विचारा!

थुंकीची स्लाइड क्षयासाठी ‘निगेटिव्ह’ ठरवण्याआधी लॅब टेक्निशियनला तिच्यावरच्या किमान १०० जागा तपासाव्या लागतात. या सगळ्या वेळात त्याचा एक हात फोकसच्या बारीक नॉबवर असतो. १०० एक्स ऑइल इमर्शन लेन्समधून एका वेळी एक मायक्रॉनहूनही पातळ थर स्पष्ट दिसतो. थुंकीचा थर त्यापेक्षा जाड असतो, त्यामुळे वर न दिसलेला जंतू खाली सापडू शकतो. कॅमेरा आणि एआय बसवताना हा नॉबवरचा हात विसरला, तर रुग्ण चुकीचा रिपोर्ट घेऊन घरी जाईल.

ट्यूनेबल लेन्स काय करते?

आपल्या डोळ्यातले भिंग स्नायूंच्या ताणाने आकार बदलते. या लेन्सचेही तेच. लवचीक पडद्याआड पारदर्शक द्रव भरलेला असतो. कॉइलमध्ये वीज सोडली की कडेची रिंग दाबली जाते, पडदा फुगतो आणि काही मिलिसेकंदांत फोकस सरकतो. स्वित्झर्लंडची ऑप्टोट्यून ही कंपनी अशा लेन्स बनवते. जड ऑब्जेक्टिव्ह किंवा स्लाइड हलवावी लागत नाही, म्हणून थरथरही नाही. जिवंत पेशींच्या अभ्यासात हा वेग मोलाचा ठरतो.

मुदखेडला ती हवी का?

इथे थोडा हिशेब करू. १०० जागा आणि प्रत्येक जागी १० थर, म्हणजे १,००० फोटो. मोटरने फोकस सरकवताना दर वेळी ०.१ सेकंद गेला असे धरले, तर एका स्लाइडमागे १०० सेकंद. ट्यूनेबल लेन्सला ०.०१ सेकंद धरला, तर १०. वाचले दीड मिनिट. दिवसाला २० स्लाइड असतील तर अर्धा तास. पण स्लाइडवरचा रंगवलेला जंतू कुठे पळून जात नाही! नांदेडपासून सुमारे २५ किलोमीटरवरच्या या तालुक्याच्या गावाला तूर्त साधी मोटरही पुरेल.

शिवाय ही लेन्स उष्णतेला संवेदनशील आहे. द्रव प्रसरण पावला की फोकस सरकतो, आणि मराठवाड्यातला मे महिना वेगळा सांगायला नको. तापमानाची दुरुस्ती आतच नसेल तर सकाळी जुळवलेला फोकस दुपारी बिघडेल. लेन्स उभी बसवली तर द्रव वजनाने खाली ओढला जातो आणि प्रतिमा विकृत होते, ते वेगळेच.

आता ट्रूनॅटसारख्या चाचण्या आल्यावर मायक्रोस्कोप कशाला, असे कुणी विचारेल. पण त्या चाचण्यांत मेलेल्या जंतूंचा डीएनएही सापडतो. त्यामुळे उपचार सुरू असलेल्या रुग्णाची थुंकी अजून स्लाइडवरच पाहावी लागते. मलेरियासाठीही रक्ताची स्लाइड आहेच.

म्हणून खरेदीच्या निविदेत तीन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या हव्यात : प्रत्येक जागी किती थरांचे फोटो निघणार, ४५ अंश तापमानात फोकस किती सरकणार आणि यंत्र बंद पडले तर टेक्निशियनला हाताने नॉब फिरवता येणार की नाही.