मात्रेचा प्रश्न

राजगडाच्या पायथ्याचे पाली हे भात-नाचणीचे गाव. आता शनिवार-रविवारी गडावर येणाऱ्यांच्या पाठपिशवीत भाकरीपेक्षा प्रोटीन पावडर आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्याच जास्त दिसतात. गोळी म्हणजे पोषण आणि प्रदूषण म्हणजे धूर, अशी सोपी वाटणी आपण मनात करून ठेवली आहे.

ती वाटणी बुलढाण्याने मोडली. 2024 च्या डिसेंबरअखेर शेगाव तालुक्यातल्या गावांत माणसांचे केस अचानक पुंजक्यांनी गळू लागले. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपास केला. रेशनच्या गव्हातले सेलेनियम या खनिजाचे जादा प्रमाण हे त्यांनी कारण सांगितले. रुग्णांत जस्तही कमी आढळले.

गंमत अशी, की सेलेनियम शरीराला हवेच असते. प्रौढाला दिवसाला सुमारे 55 मायक्रोग्रॅम पुरते. अमेरिकी तज्ज्ञांनी 400 ही कमाल मर्यादा ठरवली आहे. अमेरिकेतच 2008 मध्ये एका पूरक द्रवात ते लेबलवरच्या प्रमाणाच्या सुमारे 200 पट निघाले आणि 201 जण आजारी पडले. त्यांच्यापैकीही अनेकांचे केस गळाले. एकीकडे गहू, दुसरीकडे बाटली. विकार मात्र एकच. अति तेथे माती!

म्हणून वाचकहो, पूरक गोळी घ्यायची ती तपासणी करून, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. आणि रेशनचे धान्य दुकानात पोहोचण्याआधी त्याची तपासणी झालीच पाहिजे, हे सरकारला ठणकावून सांगा.