शिशूची रेघ आणि शिशूचा सूर

दोन-अडीच वर्षांच्या मुलाच्या हाती खडू दिला की ते प्रथम चित्र काढीत नाही. ते हात फिरविते. खांद्यापासून निघालेली ती हालचाल फरशीवर रेघेच्या रूपाने मागे राहते, आणि पुष्कळदा तिच्या जोडीला तोंडाने काहीतरी गुणगुणणेही चाललेले असते. पाहणारे वडीलधारे माणूस यांपैकी एका गोष्टीला चित्रकला म्हणते व दुसरीला संगीत. मुलाच्या ठायी मात्र हा भेद अद्याप उपजलेला नसतो.

दिल्लीत आणि तिच्या आसपासच्या नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम या नगरांत आईवडील दोघेही नोकरी करणारी कुटुंबे वाढली, तसे शिशुवर्गही गल्लोगल्ली निघाले. त्यांपैकी अनेकांच्या वेळापत्रकात संगीत व चित्रकला या दोन्हींना स्थान असते. परंतु ते वेगवेगळ्या तासांना. एका तासात छापील फुलात रंग भरावयाचा आणि तो रेषेबाहेर जाऊ द्यावयाचा नाही. दुसऱ्या तासात ध्वनिमुद्रित गाण्याबरोबर ठरलेले हातवारे करावयाचे. पहिल्याचे फळ घरच्या भिंतीवर टांगले जाते, दुसऱ्याचे वार्षिक समारंभात दाखविले जाते. मुलाचा खेळ मात्र दोहोंतूनही निसटतो. संगीताने बुद्धी वाढते अशा जाहिरातींची यात भर पडते. वस्तुतः या वयातील गाण्याला अशा कोणत्याही समर्थनाची आवश्यकता नाही.

कलांचा परस्परसंबंध भारतीय परंपरेला नवा नाही. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तृतीय खंडात मूर्तिविद्या शिकू इच्छिणाऱ्या वज्र राजाला मार्कंडेय ऋषी चित्र, नृत्य, वाद्य आणि गीत अशा क्रमाने मागे मागे नेतात. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयातील रागमाला चित्रांत तर रागांनाच रूप व रंग लाभले आहेत. महाराष्ट्रात याचे जिवंत उदाहरण डहाणू परिसरातील वारली समाजात सापडते. तेथे लग्नघरी सुवासिनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात आणि धवलेरीची गाणी लग्नविधीला साथ करतात. तेथे चित्र आणि गीत ही एकाच विधीची दोन अंगे आहेत.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षण केंद्र सुरू केले व 1957 मध्ये ते याच डहाणू तालुक्यातील कोसबाडला नेले, ही गोष्ट म्हणूनच अर्थपूर्ण वाटते. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडी त्याच्या अंगणात न्यावी, आणि परिसरात मिळणाऱ्या साध्या वस्तूंतूनच खेळ व गाणी उभी करावीत, हा त्यांच्या कार्याचा गाभा होता. महागड्या साधनांवर विसंबणाऱ्या राजधानीने तो अद्याप पुरता आत्मसात केलेला नाही.

साधने नसली तर काय करावे, हा प्रश्न तसा मोठा नाही. पाटी, खडू, गेरू, ओले फडके, एक थाळी आणि लाकडी चमचा एवढ्यावर काम भागते. अट एकच : गाणे समोरच्या माणसाने स्वतःच्या गळ्याने म्हणावे. मुलाचा हात रेंगाळला तर गाणारा थांबू शकतो, हात धावला तर लय वाढवू शकतो. यंत्र कोणासाठीही थांबत नाही. रेघ पुरी झाल्यावर ‘हे काय काढलेस?’ असे विचारू नये, कारण या वयात पुष्कळदा काहीच काढलेले नसते. एखादे मूल आवाजाने बुजत असेल, तर त्याला शांतपणे रेघोट्या ओढू द्याव्यात.

पसारा होतो, शेजाऱ्यांना त्रास होतो, पुढे शाळेत रेषेच्या आतच लिहावे लागते, असे आक्षेप घेतले जातात. दिल्लीतील लहान सदनिका पाहता पहिले दोन खोटे नाहीत. त्यांना ओले फडके आणि हलका आवाज हे उत्तर आहे. तिसऱ्याविषयी एवढेच म्हणता येईल की, ज्या हाताला मोकळेपणी फिरावयास मिळाले, तोच पुढे आवरता येतो. 2022 चा पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा तिसऱ्या वर्षापासून पुढचा विचार करतो. त्याआधीच्या वयासाठी 2024 मध्ये ‘नवचेतना’ हा स्वतंत्र आराखडा आला. तथापि आराखडा स्वतः गाऊ शकत नाही. अंगणवाडीसेविकेला आणि आजीलाच गावे लागते.

दिल्लीतील मराठी घरांपुरता या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. येथील मुलाच्या खेळाची भाषा बहुधा हिंदी असते, शिक्षणाची इंग्रजी. मराठी त्याच्या वाट्याला आज्ञांच्या रूपाने येते : जेव, झोप, हात धू. उंबऱ्याशी रांगोळी घालता घालता आजीने बडबडगीत म्हटले आणि नातवाच्या मुठीतही चिमूटभर पांढरी भुकटी दिली, तर ती भाषा त्याच्या हातात उतरते. रांगोळी विस्कटेल; ती विस्कटू द्यावी. उद्या सकाळी नवी घालावयाचीच असते.