जखम मगरीची, दोष विलंबाचा

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरील ब्रिटिश अमदानीतला पूल महापुरात कोसळला आणि एस. टी.च्या दोन गाड्या प्रवाशांसह प्रवाहात गडप झाल्या. बेपत्ता माणसांचा शोध घेणाऱ्यांपुढे त्या वेळी पाण्याच्या ओढीखेरीज आणखी एक धास्ती होती, ती नदीतील मगरींची. सावित्रीत मगरींची वस्ती आहे हे मुंबईकरांस तेव्हा कळले. महाडकरांस ते कधीच नवे नव्हते. ज्यांना धुणे, गुरे आणि मासळी यांसाठी रोज नदीत उतरावे लागते, त्यांना मगरीचे भय बाळगून घरी बसणे परवडत नाही. तेव्हा खरा प्रश्न असा की, मगरीने एखाद्याचा पाय धरलाच आणि तो दैवाने सुटला, तर पुढे त्याचे काय व्हावे?

मगरीचे दात मांस कापत नाहीत. ते खोल रुततात. सावज धरून ती पाण्यात गरगर फिरते आणि त्या पिळवटीत स्नायू, रक्तवाहिन्या व हाडे यांची वाताहत होते. वरून लहान दिसणारी जखम आतून चिरडलेली असते, आणि नदीच्या गाळातले जंतू तिच्या तळाशी पोचलेले असतात. अशा रुग्णाचा पहिला शत्रू रक्तस्राव आणि दुसरा जंतुसंसर्ग. स्वच्छ कापडाने जखम घट्ट दाबून धरावी; तेवढ्याने रक्त थांबतच नसेल तर जखमेच्या वर आवळपट्टी बांधून वेळ लिहून ठेवावी. हळद, चुना, तंबाखूची पूड यांपैकी काहीही त्यात भरू नये. रुग्णालयात भरपूर सलाईनने जखम धुणे, मेलेले मांस काढणे, धनुर्वाताची लस आणि योग्य प्रतिजैविके देणे अगत्याचे आहे. जखम टाके घालून लगेच बंद करण्याची घाई घातक ठरते, कारण आत कोंडलेला संसर्ग पुढे पायच घेऊन जातो.

पेण आणि रोहा यांचा यात संबंध काय, असे कोणी विचारील. महाडच्या रुग्णास मोठ्या शस्त्रक्रियेसाठी मुंबईस न्यावयाचे तर वाट कोलाड, नागोठणे, वडखळ, पेण अशीच आहे. ती सुमारे पावणेदोनशे किलोमीटरांची. आणि २०११ साली हाती घेतलेले या महामार्गाचे रुंदीकरण किती वर्षे रखडले, हे गणपतीला गावी जाणाऱ्या प्रत्येक चाकरमान्यास विचारावे. म्हणूनच पेण व रोहा येथील रुग्णालये ही रुग्णास नुसती पुढे धाडण्याची नाकी न राहता, तेथे रक्त देण्याची, जखम उघडून धुण्याची आणि रक्तवाहिनी बांधण्याची सोय अष्टौप्रहर असली पाहिजे. ही सोय मगरीपुरतीच कामी येईल असे नाही. महामार्गावर रोज होणाऱ्या अपघातांतील जखमींनाही तीच तारील.

मगरी मारून टाका, ही सूचना विचारात घेण्याजोगी नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मगरीस पहिल्या अनुसूचीत स्थान दिले आहे, आणि नदी तिचीही आहे. श्रीलंकेत नदीकाठच्या लोकांनी पाण्यात खांब रोवून स्नानाच्या जागेभोवती कुंपणे घातली. असे कुंपण सावित्रीच्या घाटांवर किंवा सांगलीकडे कृष्णाकाठी घालावयास कोणते अगाध शास्त्र लागते? अमेरिकेत फ्लोरिडा राज्याने तेथील मगरींस, म्हणजे ॲलिगेटरांस, खाऊ घालणे हा गुन्हा ठरविला, कारण खाणे मिळाले की त्यांची माणसाविषयीची भीड चेपते. आपल्याकडे मटणाचा व कोंबड्यांचा कचरा नदीत लोटणारे नेमके तेच करीत असतात. आणि सर्वांत मोठा प्रतिबंध म्हणजे घरचा नळ. नळाला पाणी असेल तर धुण्याचे पिळे घेऊन नदीवर जाण्याची पाळी कोणा स्त्रीवर येणार नाही.

वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू आल्यास वारसांना २५ लाख रुपये देण्याचे शासनाने २०२३ साली ठरविले. त्यात मगरीचाही समावेश आहे. हे औदार्य योग्यच होय. परंतु मृत्यूनंतर एवढी रक्कम मोजण्यास तयार असलेल्या शासनाने, मृत्यू टळावा म्हणून घाटाला कुंपण, घरात नळ आणि पेण-रोह्यास सज्ज शस्त्रक्रियागृह यांसाठी हात आखडता घेऊ नये, एवढीच आमची मागणी आहे. मगर तिच्या स्वभावाप्रमाणे वागते. शासनानेही आपल्या धर्मास जागावे.