साथीने उघडे पाडलेले ताट

२०२० साली कोविडची साथ पसरली त्या वेळी ‘विषाणू गरीब-श्रीमंत असा भेद जाणत नाही’ हे वाक्य सर्वत्र ऐकू येत होते. विषाणूपुरते ते खरे होते. साथीपुरते मात्र खोटे होते. विषाणू ज्या शरीरात शिरला ते शरीर कोणत्या अन्नावर पोसले गेले, किती काळ अर्धपोटी राहिले आणि कोणत्या स्वस्त जिनसांनी भरले गेले, हे साथ येण्यापूर्वीच ठरून गेले होते, आणि ते ठरवणारी शक्ती निसर्ग नव्हे, बाजार होती. साथ ओसरल्यावर या प्रश्नाची चर्चाही ओसरली. परंतु पुढची साथ येईल तेव्हा ती याच ताटातून वाट काढील, याचा विसर पडू देणे श्रमिक चळवळीला परवडणारे नाही.

वैद्यकाचा निष्कर्ष

स्थूलपणा आणि कोविड यांच्या संबंधाविषयी वैद्यकशास्त्राने काढलेला निष्कर्ष पुरेसा स्पष्ट आहे. ऑगस्ट २०२० मध्ये बॅरी पॉपकिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक देशांतील अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यानुसार स्थूल व्यक्तीला रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याची शक्यता इतरांच्या दुपटीहून अधिक, अतिदक्षता विभागात जाण्याची ७४ टक्क्यांनी अधिक आणि मृत्यूची ४८ टक्क्यांनी अधिक आढळली. याची कारणेही गूढ नाहीत. पोटावरील चरबीचा भार श्वासपटलावर पडतो आणि फुप्फुसांचा खालचा भाग नीट फुलत नाही. चरबीच्या पेशी शरीरात सौम्य परंतु सततचा दाह चालू ठेवतात. इन्सुलिनचे कार्य मंदावते. रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. अशा शरीरावर विषाणूचा घाला पडला म्हणजे प्रतिकारशक्तीचा तोल लवकर ढळतो.

तथापि या निष्कर्षाचा अतिरेकही होऊ नये. मार्च २०२१ मध्ये जागतिक स्थूलता महासंघाने असे दाखवून दिले की, त्या वर्षीच्या फेब्रुवारीअखेर नोंदल्या गेलेल्या २५ लाख मृत्यूंपैकी २२ लाख मृत्यू निम्म्याहून अधिक प्रौढ जनता जादा वजनाची असलेल्या देशांत झाले. परंतु हेच देश वृद्ध लोकसंख्येचे आहेत आणि मृत्यूची नोंद अधिक काटेकोरपणे ठेवणारेही आहेत. भारतात २०२१ अखेरपर्यंत सरकारी आकडा सुमारे ४ लाख ८० हजारांचा होता. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२०-२१ या दोन वर्षांतील जादा मृत्यूंचा अंदाज सुमारे ४७ लाखांचा आहे. सरकारने तो अमान्य केला. एप्रिल-मे २०२१ मध्ये प्राणवायूवाचून जे तडफडून मेले, त्यांच्या मृत्यूचा दोष त्यांच्या कंबरेच्या घेरावर ढकलता येणार नाही. आहाराचा प्रश्न हा आरोग्यव्यवस्थेच्या प्रश्नाला पर्याय नाही, तो त्याचाच भाग आहे.

दोष कोणाचा?

राज्यकर्त्या वर्गाचे उत्तर ठरलेले असते: दोष खाणाऱ्याचा. ब्रिटनचे तत्कालीन पंतप्रधान बोरिस जॉन्सन एप्रिल २०२० मध्ये अतिदक्षता विभागातून बचावले. आपले वजन फार होते असे त्यांनी स्वतःच सांगितले आणि जुलैमध्ये जनतेला वजन घटवण्याची हाक दिली. अपायकारक खाद्यपदार्थांच्या दूरचित्रवाणीवरील जाहिराती रात्री नऊपूर्वी बंद करण्याची जी घोषणा त्याबरोबर झाली, तिची अंमलबजावणी मात्र पुन्हा पुन्हा पुढे ढकलण्यात आली. नागरिकाने ताबडतोब बदलावे, कंपनीने सवडीने, असा हा न्याय.

मेक्सिकोचे उदाहरण अधिक बोलके आहे. १९९४ साली उत्तर अमेरिकेचा मुक्त व्यापार करार अमलात आला आणि अमेरिकेचा मका, मक्याचा गोड पाक व डबाबंद माल यांना मेक्सिकोची बाजारपेठ खुली झाली. २०१८ च्या राष्ट्रीय पाहणीत तेथील चारपैकी तीन प्रौढ जादा वजनाचे वा स्थूल आढळले. साथीने त्या देशाला झोडपले तेव्हा आरोग्य उपमंत्री उगो लोपेस-गातेल यांनी साखरी पेयांना ‘बाटलीबंद विष’ म्हटले. ऑगस्ट २०२० मध्ये ओआहाका प्रांताने असे पदार्थ अल्पवयीन मुलांना विकण्यास मनाई केली आणि ऑक्टोबरपासून देशभर डब्यांवर जादा साखर, जादा मीठ, जादा चरबी अशा इशाऱ्यांचे काळे अष्टकोन छापणे सक्तीचे झाले. साथीतून धडा घेता येतो, तो कंपन्यांच्या विरोधात जाऊन अमलातही आणता येतो, हे एका विकसनशील देशाने दाखवून दिले.

भारताचे दुहेरी दुखणे

स्थूलपणा हा सुखवस्तूंचा रोग, भारतीय श्रमिकाला त्याचे काय, असे चळवळीतीलही अनेकांना वाटते. ही समजूत आता सोडली पाहिजे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रिया जादा वजनाच्या वा स्थूल आहेत, त्याच वेळी १८.७ टक्के स्त्रिया कृश आहेत, आणि ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. पाच वर्षांखालील ३५.५ टक्के बालकांची उंची खुंटलेली आहे. ही दोन वेगवेगळ्या देशांची चित्रे नाहीत. ज्या घरात मूल खुरटलेले आहे त्याच घरातील आईला मधुमेह असू शकतो.

या कोड्याचा उलगडा करण्यात पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे संशोधन मोलाचे ठरले. पुण्याच्या परिसरातील खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासात नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. परंतु पुण्याच्या बालकांत तूट होती ती मांसाची. चरबी त्या मानाने टिकून होती. अर्धपोटी मातेच्या उदरातच शरीर चरबी राखून ठेवण्यास शिकते, आणि पुढे शहरात स्वस्त पीठ, साखर व तेल यांवर जगू लागले की काटकुळ्या दिसणाऱ्या देहातही मधुमेह घर करतो. भारतात स्थूलपणाचे मूळ अशा रीतीने पुष्कळदा उपासमारीतच असते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाने मधुमेहींची संख्या १० कोटींवर असल्याचे दाखवले. दुसऱ्या लाटेत, जुलै २०२१ पर्यंत, काळ्या बुरशीचे ४५ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. महाराष्ट्र व गुजरात त्यात आघाडीवर होते. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडांचा वारेमाप वापर यांचा या रोगाशी निकटचा संबंध होता.

साथ आणि ताट यांचा हा संबंध नवा नाही. १९१८ साली मोसमी पाऊस फसला, धान्याचे भाव कडाडले आणि त्याच वर्षी इन्फ्लुएंझाने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक बळी घेतले. मुंबई शहरात युरोपीयांमधील मृत्युप्रमाण हजारी ८.३ होते, जे सरकारी नोंदीत ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हणून गणले गेले त्यांच्यात ते ६१.६ होते. त्या वेळी साथीने कृश शरीर गाठले, शंभर वर्षांनंतर तिने बेढब पोसलेले शरीरही गाठले. दोन्ही शरीरे बहुतांशी एकाच वर्गाची होती.

शिधा पोट भरतो, शरीर घडवत नाही

२४ मार्च २०२० च्या रात्री अवघ्या चार तासांच्या सूचनेवर देश बंद करण्यात आला. त्यानंतर जाहीर झालेल्या योजनेत माणशी ५ किलो धान्य आणि कुटुंबामागे १ किलो डाळ-कडधान्य मिळाले. डाळ नोव्हेंबर २०२० नंतर बंद झाली आणि मे २०२१ मध्ये योजना पुन्हा सुरू झाली तेव्हा ती परतली नाही. आज सुमारे ८० कोटी लोकांना मोफत धान्य मिळते. उपासमारीविरुद्ध हा हक्क अमूल्य आहे आणि त्याचे रक्षण केलेच पाहिजे. परंतु निव्वळ तांदूळ-गव्हावर शरीर घडत नाही. डाळ, तेल, दूध, अंडी, भाजी यांसाठी श्रमिकाला बाजारात जावे लागते, आणि तेथे पाच-दहा रुपयांचा बिस्किटांचा वा फरसाणाचा पुडा त्याच्या मुलाची वाट पाहत असतो. वेगळे काही शक्य आहे हे केरळातील डाव्या आघाडीच्या तेव्हाच्या सरकारने दाखवले. एप्रिल २०२० मध्ये त्याने सर्व शिधापत्रिकाधारकांना तेल व कडधान्यांसह १७ जिनसांचा मोफत संच दिला.

याउलट केंद्राचे धोरण पाहावे. फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांनी जनतेला तेल दहा टक्के कमी वापरण्याचे आवाहन केले. त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून बिस्किटे, चॉकलेटे व फरसाण यांवरील कर ५ टक्क्यांवर आणण्यात आला, म्हणजे पुड्यातील डाळीवर जो कर आहे तोच. साखरी पेयांवर मात्र ४० टक्के कर ठेवला गेला, हे नमूद केले पाहिजे. वेष्टनांवर स्पष्ट इशारा छापण्याऐवजी तारे छापून माल गौरवण्याचा मसुदा २०२२ मध्ये पुढे आला आणि वर्षानुवर्षे रेंगाळला. महाराष्ट्र सरकारने तर जानेवारी २०२५ मध्ये शालेय पोषण आहारातील अंड्यांसाठीचा राज्याचा निधीच काढून घेतला. तमिळनाडूत मात्र शाळकरी मुलांना आठवड्यातील पाचही दिवस अंडे मिळते. प्रश्न पैशाचा असण्यापेक्षा कोणाच्या मुलांसाठी पैसा खर्चायचा याचा आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट मांडल्या पाहिजेत. राष्ट्रीय कायद्यानेच शिधावाटपात डाळ व खाद्यतेलाचा समावेश झाला पाहिजे. शाळा व अंगणवाड्यांतून अंडी, दूध, भाजी मिळाली पाहिजे. वेष्टनांवर ताऱ्यांऐवजी इशारे छापले पाहिजेत आणि मुलांना उद्देशून केल्या जाणाऱ्या जाहिरातींवर बंदी आली पाहिजे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात मधुमेह व रक्तदाबाची तपासणी आणि औषधे मोफत हवीत. कामगाराला घरी स्वयंपाक करून जेवता येईल एवढे वेतन आणि एवढा अवकाश हवा, कारण बारा तासांची पाळी व दोन तासांचा प्रवास यांनंतर टपरीवरचा वडापाव ही आवड नसून सक्ती असते.

१९७२ साली मुंबईत अहिल्या रांगणेकर, मृणाल गोरे आदींच्या पुढाकाराने महागाईविरुद्ध स्त्रिया एकवटल्या आणि हातात लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. त्या वेळचा प्रश्न ताटात किती आहे हा होता. आज तो तर आहेच. त्याशिवाय ताटात काय आहे, हाही प्रश्न आहे. पुढची साथ कधी येईल हे कोणी सांगू शकत नाही. ती येईल तेव्हा श्रमिकांचे शरीर तिच्याशी झुंजण्यास समर्थ असावे, यासाठीचा लढा मात्र आजच लढावा लागेल.