शेजारचा आवाज

शेजार कितीही सज्जन असो, त्याचा दूरचित्रवाणी संच आपल्या घरात ऐकू येतोच. घरात आजारी माणूस किंवा परीक्षेला बसणारे मूल असले म्हणजे हा प्रश्न केवळ सोयीचा राहत नाही. झोपेचा आणि प्रकृतीचा होतो.

पेडणे-डिचोलीकडील जुन्या घरांच्या चिऱ्याच्या भिंती जाड आणि जड. जडपणाच आवाज अडवितो. भिंतीचे वजन दुप्पट केले, तर आणखी सुमारे ६ डेसिबल अडतात. मग आवाज येतो कोठून? पुष्कळदा वरून. एका आढ्याखाली दोन बिऱ्हाडे असली, की मधली भिंत कौलांपर्यंत न जाता खालीच थांबलेली आढळते. १०० चौरस फूट भिंतीत १ चौरस फूट मोकळे राहिले, तर ती कितीही जाड असो, सुमारे २० डेसिबलपेक्षा अधिक आवाज अडत नाही. म्हणून गवंड्याचा सल्ला घेऊन प्रथम ती भिंत कौलांपर्यंत न्यावी, सांधे गिलाव्याने बुजवावेत, दाराखालच्या फटीला रबरी पट्टी लावावी. अंड्यांचे पुठ्ठे भिंतीला चिकटविल्याने खोलीतील घुमणे थोडे कमी होते. शेजारचा आवाज नव्हे.

सदनिकांची गोष्ट निराळी. वरच्या मजल्यावर ओढलेल्या खुर्चीचा धक्का स्लॅबमधूनच उतरतो. त्यावरचा स्वस्त उपाय वरच्याच घरात असतो: खुर्चीच्या पायांना रबर, मिक्सरखाली जाड घडी. तेथे गवंड्यापेक्षा गोड शब्द अधिक कामाचा.

मोरजी-मांद्रेच्या किनाऱ्यावरील रात्रीच्या संगीताचे खर्जातील ठोके मात्र भिंतीला सहसा जुमानत नाहीत. तेथे कायद्याचाच आधार. सन २००० च्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. सणासुदीला सरकार मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत देते; एरव्ही उघड्यावरील ध्वनिक्षेपक रात्री बंदच असले पाहिजेत. तक्रार करणे हा भांडखोरपणा नव्हे.

एक सावधगिरी मात्र हवी. झरोके सगळे बुजवू नयेत. आमच्या पावसाळ्यात वारा न खेळणारे घर ओलीने कुबट होते. आणि सामाईक भिंतीला हात लावण्यापूर्वी शेजाऱ्यांशी बोलावे. आपला आवाजही त्यांच्याकडे जातच असतो. भिंत वाढली, तर स्वस्थता दोन्ही घरांना लाभेल.